फोनचे शब्द आणि त्यांचे काम

ठाणे आणि डोंबिवली ही मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावरील दोन स्थानके. दोहोंतील अंतर सुमारे पंधरा किलोमीटर. धीम्या गाडीने गेले तरी अर्धा तास पुरतो. रोज असंख्य माणसे हे अंतर कापतात आणि त्या प्रवासाला ‘लोकलचा प्रवास’ म्हणतात. टेलिफोनच्या जगात मात्र ही दोन गावे कित्येक वर्षे परस्परांना ‘लोकल’ नव्हती. १९८६ मध्ये महानगर टेलिफोन निगमाची स्थापना झाली आणि मुंबईबरोबर ठाणे शहरही त्या निगमाच्या क्षेत्रात आले. त्याचा संकेतांक ०२२. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पुढचा पट्टा दूरसंचार खात्याकडे राहिला आणि १ ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगमाकडे गेला. त्याचा संकेतांक ०२५१. ठाण्यात नोकरी करणारा डोंबिवलीकर सकाळी लोकलने कचेरीत जाई आणि दुपारी घरी फोन करायचा झाला, तर आधी कोड फिरवी. लोकांच्या भाषेत तो ‘एसटीडी’च.

पुढे जवळच्या गावांसाठी शून्याऐवजी ९५ हा आकडा जोडण्याची सोय झाली. त्या काळात दुकानांच्या पाट्यांवर आणि लग्नपत्रिकांवर ९५२५१ असे छापलेले असे. ती सोयही गेली. पाट्या मात्र बराच काळ राहिल्या. गंमत अशी की मोबाइल सेवेचे परवाने देताना ‘मुंबई’ या सेवाक्षेत्राची जी व्याख्या केली गेली, तीत मुंबई आणि नवी मुंबईबरोबर कल्याण टेलिफोन विभागाचाही समावेश होता. त्यामुळे डोंबिवलीतील एकाच घरात टेबलावरचा फोन मुंबईबाहेरचा आणि खिशातला फोन मुंबईचा, अशी स्थिती निर्माण झाली. घर जागेवरच होते. ‘लोकल’ या शब्दाची हद्द तेवढी हलली होती.

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. ‘लोकल’ हा शब्द सर्वांना ठाऊक होता, वापरात होता, तरी त्याची हद्द कोठे संपते हे पुष्कळांना बिल आल्यावरच कळे. रोजच्या शब्दाला कोणीतरी निश्चित कुंपण घातले की तो पारिभाषिक शब्द होतो, आणि ते कुंपण कोठे आहे हे शब्दाच्या रूपावरून कळत नाही. इंटरनेटवरून होणाऱ्या संभाषणाच्या शब्दांबाबत आज आपण नेमके येथेच आहोत. ‘नंबर’, ‘कॉल’, ‘लँडलाइन’, ‘नेटवर्क’ हे शब्द तोंडी रुळलेले आहेत. त्यांच्यामागील वस्तू मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत बदलल्या आहेत. आपल्याकडे परिभाषेची चर्चा सुरू झाली की ती लगेच शब्द संस्कृतोद्भव असावा की इंग्रजी चालेल, या वादाकडे वळते. माझ्या मते हा वाद दुय्यम आहे. शब्दाचे कूळ विचारण्यापूर्वी त्याचे काम विचारावे: हा शब्द कोणत्या दोन गोष्टींत फरक करून देतो, आणि तो फरक वापरणाऱ्याला कळला नाही तर त्याचे काय नुकसान होते?

कूळ आणि काम

‘टेलिफोन’ हाही घडवलेलाच शब्द आहे. ‘दूर’ आणि ‘ध्वनी’ अशा अर्थांचे दोन ग्रीक घटक जोडून तो बनला. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना या यंत्राचे पेटंट मार्च १८७६ मध्ये मिळाले आणि १८८२ मध्ये मुंबईत टेलिफोन केंद्र सुरू झालेही. ‘दूरध्वनी’ हा त्या ग्रीक जोडीचा सरळ अनुवाद. त्याच्या निर्मितीचे श्रेय सामान्यतः स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीला दिले जाते. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याबरोबरच भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि शासनव्यवहाराच्या परिभाषेचे मोठे काम त्याने केले. ‘दूरध्वनी क्रमांक’ हा शब्दप्रयोग अर्जावर, पत्राच्या शीर्षभागी आणि निमंत्रणपत्रिकेत घट्ट बसला आहे. मागाहून आलेला ‘भ्रमणध्वनी’ही अर्जांपुरता स्थिरावला.

परंतु ‘दूरध्वनी लागला का?’ असे डोंबिवलीच्या फलाटावर कोणी विचारत नाही. याबद्दल खंत करण्याचे मला कारण दिसत नाही. ‘दूरध्वनी’ लिखित व्यवहाराचा आणि ‘फोन’ बोलण्याचा, अशी वाटणी भाषेने स्वतःच केली आहे. ‘फोन’ने तर मराठी व्याकरण पूर्णपणे पत्करले आहे: तो पुल्लिंगी आहे, त्याला विभक्ती लागते, आणि अनेकवचनात तो ‘देव’ किंवा ‘दगड’ या शब्दांप्रमाणे रूप न बदलता राहतो. यापेक्षा अधिक मराठीपण नामाकडून काय मागायचे?

खरी गंमत क्रियापदांत आहे, आणि शब्दसूची करणाऱ्यांचे तिकडे सहसा लक्ष जात नाही. आपण फोन ‘लावतो’. मग तो ‘लागतो’ किंवा ‘लागत नाही’. पलीकडचा माणूस तो ‘उचलतो’. बोलणे झाले की आपण तो ‘ठेवतो’. मध्येच तो ‘कट होतो’ किंवा कोणीतरी ‘कट करतो’. दूरसंचार अभियंत्याला एका संभाषणाच्या ज्या अवस्था मोजाव्या लागतात, त्या सर्व येथे आहेत. ‘लावणे’ म्हणजे जोडणीचा प्रयत्न. ‘लागणे’ म्हणजे मार्ग सापडून पलीकडे घंटी वाजणे. ‘उचलणे’ म्हणजे उत्तर मिळणे, जेथून आकारणी सुरू होई. ‘कट होणे’ आणि ‘कट करणे’ यांतील प्रयोजक-अप्रयोजक भेद तर तांत्रिक तक्रारीत आणि घरगुती भांडणात सारखाच निर्णायक. आता ठेवायला काही उरलेले नाही, काचेवर बोट फिरवायचे असते. तरीही ‘बरं, ठेवते आता’ असेच आपण म्हणतो. नामे आयात झाली, क्रियापदे घरचीच राहिली. परिभाषेची शिकवणी मी नेहमी या क्रियापदांपासून सुरू करतो.

‘मिस्ड कॉल’ हा असाच एक विचार करण्याजोगा शब्द. मूळ इंग्रजीत तो घेणाऱ्याकडून चुकलेला, राहून गेलेला कॉल असतो. आपण मात्र मिस्ड कॉल ‘देतो’, आणि तो बुद्ध्या देतो. ‘कल्याणला पोहोचलास की एक मिस्ड कॉल दे.’ उत्तर मिळाले तरच पैसे पडतात हे ओळखून लोकांनी घंटीलाच निरोपाचे रूप दिले. यात एक तांत्रिक सत्य दडलेले आहे. फोनच्या जाळ्यात दोन निरनिराळ्या गोष्टी वाहत असतात: एक, ‘अमुक माणूस तमुकाला बोलावतो आहे’ हा सांगावा, दोन, प्रत्यक्ष बोलणे. पहिल्याला ‘सिग्नलिंग’ म्हणतात. मिस्ड कॉल म्हणजे बोलण्यावाचूनचा नुसता सांगावा. ज्यांनी आयुष्यभर मिस्ड कॉल दिले आहेत, त्यांना सिग्नलिंग हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागू नये. इंटरनेटवरील कॉलमध्येही ही विभागणी कायम आहे: सांगावा एका नियमावलीने जातो, आवाज दुसऱ्या. घंटी वाजते, समोरचा उचलतो आणि आवाज मात्र येत नाही, असा अनुभव आपल्याला येतो तो याच कारणाने. सांगावा पोहोचलेला असतो, आवाजाची वाट कोठेतरी अडलेली असते.

‘लँडलाइन’ या शब्दाचा प्रवास उलटा आहे. मोबाइल येण्यापूर्वी घरातील फोन म्हणजे नुसता ‘फोन’. नवी वस्तू आल्यावर जुनीला विशेषण लावावे लागले. पोल्ट्रीची अंडी बाजारात आल्यावर पूर्वीची अंडी ‘गावठी’ झाली, तसेच हे. काही शब्द मात्र मागे काहीच न ठेवता जातात. एके काळी परिचयपत्रांवर क्रमांकापुढे ‘पी. पी.’ अशी अक्षरे असत. याचा अर्थ फोन शेजाऱ्यांचा आहे, ते बोलावून देतील. या अक्षरांचा विस्तार कोणी एक सांगे, कोणी दुसरा. काम सर्वांना कळे. चाळीतून हाक मारून बोलावण्याचा तो शेजारधर्म संपला आणि अक्षरेही संपली.

वऱ्हाडाची बस आणि वऱ्हाडी लोकलने

आता ‘इंटरनेटवरून बोलणे’ म्हणजे काय, ते पाहू. जुन्या पद्धतीत दोन फोन जोडले की त्या दोघांमध्ये एक वाट राखून ठेवली जाई. दोघे गप्प बसले तरी ती वाट त्यांचीच. याला ‘सर्किट स्विचिंग’ म्हणतात. नव्या पद्धतीत आवाजाचे लहान लहान तुकडे करून त्यांची ‘पॅकेट’ बांधतात, प्रत्येकावर पत्ता आणि अनुक्रमांक घालतात आणि वाट मिळेल तसे ती सोडून देतात. याला ‘पॅकेट स्विचिंग’ म्हणतात.

डोंबिवलीहून कल्याणला लग्नाला निघालेले वऱ्हाड डोळ्यांसमोर आणा. एक पद्धत अशी की सबंध बस ठरवायची. सगळे एकत्र निघतात, एकत्र पोहोचतात; पण बसमध्ये वीस जागा रिकाम्या राहिल्या तरी त्या दुसऱ्याला मिळत नाहीत. दुसरी पद्धत अशी की ज्याला जी गाडी मिळेल त्याने ती पकडावी आणि कल्याणच्या पुलाखाली जमावे. खर्च कमी, गाड्यांचा पुरेपूर उपयोग. परंतु मामा आधी पोहोचतात, आजोबा मागाहून येतात, आणि कोणी एक ठाकुर्लीलाच उतरून पडतो. म्हणून पुलाखाली कोणीतरी उभे राहून थोडा वेळ वाट पाहायची, आलेल्यांना मानाप्रमाणे ओळीत लावायचे आणि मग मिरवत कार्यालयात न्यायचे. फार उशिरा आलेल्याला वगळूनच पुढे जायचे, कारण मुहूर्त थांबत नाही.

हीच इंटरनेटवरच्या बोलण्याची रचना आहे. प्रचलित पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिला जातो; म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. सामान्यतः २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटात भरतात, म्हणजे प्रत्येक सेकंदाला ५० पॅकेटे निघतात. आपण ‘नमस्कार’ म्हणेपर्यंत तीस-चाळीस वऱ्हाडी घराबाहेर पडलेले असतात. आवाजाचे आकड्यांत आणि आकड्यांचे पुन्हा आवाजात रूपांतर करणारी, बहुधा तो दाबून लहानही करणारी जी पद्धत, तिला ‘कोडेक’ म्हणतात. पॅकेट पोहोचण्यास लागणारा वेळ म्हणजे ‘लेटन्सी’. त्या वेळातील अनियमितपणा, एक लवकर तर एक उशिरा, म्हणजे ‘जिटर’. पुलाखाली थांबून ओळ लावण्याची जागा म्हणजे ‘बफर’. आणि पोहोचलेच नाही, ते ‘पॅकेट लॉस’. पत्र किंवा छायाचित्र पाठवताना हरवलेले पॅकेट पुन्हा मागवता येते. बोलण्यात ते मागवून उपयोग नसतो, कारण तोवर वाक्य पुढे गेलेले असते.

आवाज तुटतो की घुमतो?

वरील शब्द पाठ करून विद्यार्थ्याच्या हाती फारसे काही लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी तातडीने मराठी प्रतिशब्द घडवण्याचीही मला घाई वाटत नाही. घरोघर ऐकू येणारी वाक्ये पाहा: ‘आवाज तुटतोय’, ‘आवाज मागाहून येतोय’, ‘माझाच आवाज मला ऐकू येतोय’, ‘घुमतोय’, ‘खरखर येतेय’. ही पाच निरनिराळी निदाने आहेत. तुटणे म्हणजे पॅकेटे गळणे. मागाहून येणे म्हणजे लेटन्सी. स्वतःचा आवाज परत येणे म्हणजे प्रतिध्वनी, आणि तो बहुधा पलीकडच्याचा स्पीकर व मायक्रोफोन जवळ असल्यामुळे उद्भवतो; म्हणजे दोष आपल्या घरी नाही, त्याच्या घरी. खरखर ही जुन्या तांब्याच्या तारेची खूण. पावसाळ्यात जोडणीत पाणी शिरले की ती वाढे. पॅकेटांच्या जाळ्यात खरखर नसते, तेथे आवाज एक तर स्वच्छ असतो किंवा तुटलेला. सेवा देणाऱ्याकडे तक्रार नोंदवताना ‘नेट बरोबर नाही’ असे सांगितले की पलीकडून ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढेच उत्तर येते. ‘आवाज वेळेवर येतो, पण तुटतो, आणि तो संध्याकाळीच तुटतो’ असे सांगितले तर निदान योग्य प्रश्न विचारला जातो. अचूक शब्द आपल्यापाशी आहेत. ते कचेरीत वापरायचे नसतात अशी आपली समजूत तेवढी चुकीची आहे.

लेटन्सीचा भाषाव्यवहारावर होणारा परिणाम विशेष लक्षात घ्यावा. समोरासमोरच्या संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंतचा विराम जगातील अनेक भाषांत सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतका, म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंद असतो, असे संभाषणविश्लेषणाच्या अभ्यासांत आढळले आहे. चांगल्या फोनसंभाषणासाठी आवाज एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. उशीर त्याहून वाढला की दोघेही एकदम बोलू लागतात, दोघेही एकदम थांबतात. मराठी बोलण्यात ऐकणारा सतत ‘हं’, ‘हो ना’, ‘बरं’, ‘अगंबाई’ अशी साथ देत असतो. ती साथ अर्धा सेकंद उशिरा पोहोचली की तिचा अर्थ बदलतो. डोंबिवलीतील आई आणि न्यू जर्सीतील मुलगा यांच्या बोलण्यात उशिरा आलेला ‘हं’ कंटाळ्याचा वाटतो आणि न आलेला ‘हं’ रागाचा. पुष्कळ घरांतील ‘तो हल्ली तुटक बोलतो’ या तक्रारीत थोडा वाटा समुद्राखालच्या तारेचा आणि घरातील वाय-फायचाही असतो.

ध्वनीविषयीही एक टीप. जुन्या फोनमधून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे. ‘स’चे घर्षण बरेचसे त्याहून वर असते. म्हणून फोनवर ‘स’ आणि ‘फ’ यांत घोटाळा होई आणि आपण बाराखडीच्या तक्त्याचा आधार घेऊन ‘स, सशाचा’, ‘फ, फणसाचा’ असे सांगत असू. मराठीत ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, यांतील तालव्य व दंतमूलीय ‘ज’चा भेदही बऱ्याच अंशी घर्षणाचाच असल्याने त्या तारेवर पुसट होई, अर्थ संदर्भाने कळे. नव्या पद्धतीत सुमारे ७,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज नेता येतो. मोबाइलच्या पडद्यावर ज्याचे लघुरूप दिसते आणि लोक ज्याला ‘व्होल्टी’ म्हणतात, त्या सेवेवर माणूस ‘शेजारी बसून बोलल्यासारखा’ ऐकू येतो, तो यामुळे.

कोण उत्तरदायी?

‘व्होल्टी’चे नाव निघाले, म्हणून एका महत्त्वाच्या गोंधळाकडे येतो. सर्वसाधारण समजूत अशी की ‘फोन’ वेगळा आणि ‘इंटरनेट कॉल’ वेगळा. तांत्रिकदृष्ट्या ही सीमा केव्हाच पुसली गेली आहे. भारतात २०१६ पासून झपाट्याने पसरलेल्या व्होल्टी सेवेत साधा दिसणारा मोबाइल कॉलही पॅकेटांतूनच जातो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा कॉलही पॅकेटांतूनच जातो. मग फरक कोणता? फरक जबाबदारीचा आहे. पहिल्यात परवानाधारक दूरसंचार कंपनी आपला आवाज नेण्यास बांधलेली असते. तिला क्रमांक दिलेले असतात, दर्जाचे निकष असतात, तक्रारीची यंत्रणा असते, आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक तिच्या जाळ्यातून लागतो. दुसऱ्यात आपला क्रमांक केवळ ओळखीची खूण म्हणून वापरलेला असतो. कॉल टेलिफोनच्या जाळ्यात शिरतच नाही आणि त्या अ‍ॅपवरून ११२ लागत नाही. रात्री-अपरात्री वडिलांच्या छातीत दुखू लागले असता हा फरक पुस्तकी राहत नाही.

भारतातील कायद्यानेही ही सीमा हळूहळू आखली. इंटरनेटवरून बोलण्यास १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, पण मर्यादित: संगणकावरून संगणकावर बोलता येई, संगणकावरून परदेशातील फोन लावता येई, देशातील टेलिफोनच्या जाळ्याशी मात्र त्याची गाठ घालण्यास मनाई होती. ती गाठ घालण्याची, म्हणजे परवानाधारक कंपनीने क्रमांक देऊन इंटरनेटवरून कोणत्याही फोनला कॉल जोडून देण्याची मुभा २०१८ मध्ये मिळाली. म्हणून ‘इंटरनेट टेलिफोनी’ हा शब्द सरकारी कागदात दिसला, तर त्याचा अर्थ ‘अ‍ॅपवरचे बोलणे’ असा सरसकट घेऊ नये.

‘लँडलाइन’ या शब्दाबाबत तर अर्थपरिवर्तनाचे ठसठशीत उदाहरण आपल्या घरातच आहे. तांब्याच्या तारेवरील फोनला वीज टेलिफोन केंद्रातून, ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून मिळे. कल्याण-डोंबिवलीने भारनियमनाची जी वर्षे काढली, त्या काळात पंखे थांबत, दिवे जात, पण फोन चालू राही. ‘लाइट गेली तरी लँडलाइन चालते’ ही समजूत तेव्हाची आणि तेव्हा खरी. आज तोच शब्द, तेच टेबल, कित्येक ठिकाणी तोच क्रमांक. पण घरात फायबर आले असेल तर आवाज पॅकेटांतून जातो आणि उपकरणाला वीज घरातूनच लागते. वीज गेली की फोनही गेला. एकट्या राहणाऱ्या वृद्ध दांपत्याला हे कोणी सांगितलेले नसते, कारण शब्द बदललेला नाही. या एका कारणासाठी तरी प्रत्येक फायबर-जोडणीबरोबर मराठीत छापलेला एक साधा कागद द्यावा, असे मला वाटते.

‘नंबर’ या शब्दाचेही तसेच. पूर्वी क्रमांक म्हणजे जागेचा पत्ता होता; ०२५१ पाहिले की कल्याण-डोंबिवलीचा पट्टा कळे. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, म्हणजे क्रमांकावरून कंपनी कळेनाशी झाली. इंटरनेटमार्गे आलेल्या कॉलमध्ये तर पडद्यावर दिसणारा आकडाच खोटा घालता येतो. परदेशातून केलेला कॉल भारतीय क्रमांकावरून आल्यासारखा दिसतो. अशा कॉलना अडवण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये एक यंत्रणा सुरू केली. तरी पडद्यावरील आकडा हा दावा असतो, पुरावा नव्हे, एवढे सर्वांनी समजून घ्यावे. या प्रकाराला ‘स्पूफिंग’ म्हणतात. येथे मात्र परका शब्द मला पसंत नाही. मराठीकडे ‘तोतया’ हा खणखणीत शब्द आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव सांगत एक तोतया उभा राहिला आणि पेशवाईत त्याने मोठी खळबळ उडवली, हे आपण शाळेपासून जाणतो. ‘तोतया क्रमांक’ म्हटले की सत्तरीच्या आजींनाही धोका कोठे आहे ते क्षणात कळते. ‘स्पूफिंग’ म्हटले तर तो एखादा आजार वाटेल. ‘दूरध्वनी’पेक्षा ‘फोन’ बरा आणि ‘स्पूफिंग’पेक्षा ‘तोतया’ बरा, या माझ्या दोन मतांत विसंगती नाही. दोन्ही ठिकाणी मी शब्दाचे कामच पाहतो आहे.

शब्दांचा उलटा, घातक उपयोगही होतो. ‘डिजिटल अरेस्ट’ हा शब्द ऐका. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. अ‍ॅपवरून व्हिडिओ कॉल करायचा, गणवेश दाखवायचा, ‘कॅमेऱ्यासमोरून हलू नका’ असे बजावायचे आणि निवृत्त माणसाची आयुष्यभराची बचत काढून घ्यायची, या फसवणुकीला फसवणाऱ्यांनीच परिभाषेचा अंगरखा चढवला आहे. भारदस्त इंग्रजी शब्दापुढे मान लवण्याची आपली सवय त्यांना चांगली ठाऊक आहे. पोलीस अशा रीतीने अटक करत नाहीत. पैसे गेले असतील तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर फोन करावा. संशयास्पद कॉलची तक्रार ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर ‘चक्षु’ नावाच्या सोयीतून करता येते. (हे नाव ठेवणाऱ्यांनी कूळ पाहिले, काम पाहिले नाही, ऐकणाऱ्याला नेत्रतपासणीचे शिबिर वाटावे.)

काही शब्द अजून घडण्याच्या अवस्थेत आहेत आणि ते घडताना पाहण्याची संधी आपल्याला आहे. ‘वाय-फाय कॉलिंग’ हा त्यांपैकी एक. ठाणे-डोंबिवलीच्या नव्या इमारतींत काँक्रीटच्या भिंतींआड मोबाइलचा संकेत पोहोचत नाही. तेव्हा फोन घरच्या वाय-फायमार्गे कंपनीच्या जाळ्यात शिरतो आणि नेहमीचाच क्रमांक लागतो. हा अ‍ॅपवरचा कॉल नव्हे. जबाबदारी कंपनीचीच राहते. यासाठी मराठी शब्द कोशात शोधण्यापूर्वी आपल्या इमारतीच्या जिन्यात कान द्यावा. तेथे कोणीतरी म्हणत असते, ‘घरात रेंज नाही, पण वाय-फायवर फोन लागतो.’ स्वाध्यायासाठी हेच वाक्य घ्यावे: त्यातील नामे कोठून आली ते लिहावे, ‘लागतो’ने सांगितलेली तांत्रिक घटना कोणती ते लिहावे, आणि हेच वाक्य ‘फोन’च्या जागी ‘व्हॉट्सअ‍ॅप’ घालून म्हटले तर अर्थात काय बदलते, याची चर्चा आपापल्या अभ्यासकेंद्रावर करावी.